पोस्टकार्डाचा चौकोन

तिसरं मंगलाष्टक संपलं, भटजींनी "शुभमंगल सावधान" म्हटलं, हॉलभर हात वर गेले. मीही उचलला आणि उजव्या काखेत टर्र झालं. अक्षता नवरानवरीपर्यंत पोचल्याच नाहीत, पुढच्या खुर्चीतल्या काकांच्या कॉलरमध्ये पडल्या. सनईची कॅसेट एवढ्या जोरात होती की आवाज कुणाला ऐकू गेला नसावा. उरलेली मंगलाष्टकं मी कोपर बरगडीला चिकटवून, नुसत्या मनगटानं तांदूळ उडवत पार पाडली, पत्ते वाटतात तशी. घरी शिवलेलं पोलकं, जुन्या बेताचं, म्हणजे जुन्या कागदी नमुन्यावरून कापलेलं, महिनाभर खपून केलेलं, आणि सकाळपासून चार बायकांनी "कुठून शिवलंस गं?" विचारलेलं. मी चारहीजणींना "घरीच" असं जरा मोठ्यानंच सांगितलं होतं.

जेवायच्या वेळी आत्या जवळ आली. लग्न तिच्या नातवाचं, म्हणजे आजचं सगळं यजमानपण तिच्याकडे, तरी वाट काढून आली. मला वाटलं पदर सारखा करायला सांगेल. तिनं इकडेतिकडे पाहिलं, दोन बोटं माझ्या काखेखाली घातली, उसवलेली शिवण चाचपली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "चौकोन लावला नाहीस?"

"कसला चौकोन?"

"अगं, काखेतला. त्यातच होता की. पोस्टकार्डाचा."

भाजीत मीठ राहिलंय असं सांगावं, तेवढ्याच सुरात. मग कुणीतरी तिला आहेराच्या टेबलाकडे बोलावलं आणि ती गेली.

चौकोन कुठे आहे ते मला पक्कं माहीत होतं. मशीनच्या डाव्या पायाखाली.

कऱ्हाडचा वाडा बिल्डरला दिला तेव्हा सामान उपसताना पत्र्याच्या एका ट्रंकेत आत्याच्या बेतांचं ते गाठोडं सापडलं होतं. परकराच्या नाडीनं बांधलेलं, डांबरगोळ्यांचा वास मारणारं. आत वर्तमानपत्रांचे कागद, तीसेक जोड तरी असतील. प्रत्येक जोडात एक पाठ आणि एक पुढचा भाग, दोन्ही अर्धे, आणि सरळ कडेवर कॉपिंग पेन्सिलीनं लिहिलेलं "घडी". वर नावं. नावं म्हणजे काय, "थोरल्या वहिनी", "पोस्टातल्या बाई", "मास्तरीणबाई (बाळंतपणानंतर)". माप एकाच कागदावर दोनदा बदललेलं, पहिल्यावर काट मारून. सूचना म्हणाल तर शून्य. माया (शिवणीबाहेर सोडायचं जादा कापड) धरलेली नाही, टक (चिमटे) कुठे घालायचे ते टाचणीच्या भोकांनी दाखवलेलं, बाकी सगळं जिला कळतं तिच्यासाठी.

त्यातला थोरल्या वहिनींचा कागद मी निवडला, कारण छत्तीस छाती, माझीच. पाठीचा भाग ज्या पानातून कापलाय त्यावर कोयनेच्या भूकंपाची बातमी आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा तो भूकंप. गळ्याच्या गोलाईनं मथळा खाल्लाय, कमरेच्या टोकाशी मदतीच्या यादीतल्या चार ओळी शिल्लक आहेत, कुणी किती घोंगड्या दिल्या त्याच्या. मी तो कागद पहिल्यांदा कापडावर पसरला तेव्हा बेतायचं सोडून तेच वाचत बसले होते.

हा नाद मला लागला तो मात्र या गाठोड्यानं नाही. तो लागला इंटरनेटवरून. विकतचा बेत पीडीएफमध्ये येतो, आपण तो ए-फोर कागदांवर छापायचा आणि हॉलमध्ये गुडघ्यांवर बसून एकाला एक चिकटवायचा. माझा पहिला झगा बत्तीस कागदांचा होता. घरातली माणसं तीन दिवस भिंतीला धरून चालली. पण त्यात सगळं सांगितलेलं असतं. बाण कुठल्या दिशेला, खाच कुठल्या खाचेला, इस्त्री आधी की नंतर. अशा बेतांवर वाढलेल्या मला आत्याचे कागद मुके वाटले. मग कधीतरी वाचलं की विकतचे कागदसुद्धा सुरुवातीला मुकेच होते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्यानं १८६३ मध्ये वेगवेगळ्या मापांचे कागदी बेत विकायला काढले. त्या काळातल्या पातळ कागदांवर छपाई नसायची, नुसती भोकं आणि खाचा. छापील रेघा आल्या त्या विसाव्या शतकात. म्हणजे टाचणीनं भोकं पाडणारी आत्या आणि तिकडचा तो कारखाना एकाच लिपीत लिहीत होते. मला मात्र ती लिपी वाचता येत नव्हती, आणि येत नाही हेही कळत नव्हतं.

मला हवा होता तो खांदा. गाठोड्यातच एक फोटो होता, स्टुडिओतला, मागे रंगवलेला पडदा आणि कमळांचं तळं. आत्या आणि आणखी तिघीजणी. चौघींची पोलकी एकाच घाटाची, खांद्यावर शिवणच नाही. बाही वेगळी कापून मुंढ्यात, म्हणजे खांद्याखालच्या गोलाईत, बसवलेली नाही, अंगाबरोबरच एका कापडात निघालेली, त्यामुळे गळ्यापासून कोपरापर्यंत कापड पाण्यासारखं उतरतं. शिवणक्लासच्या भाषेत मग्यार बाही. १९४७ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये क्रिस्तियाँ दिओर या फॅशनकारानं युद्धाच्या काळातले चौकोनी, पॅड घातलेले खांदे मोडीत काढून उतरते खांदे आणले. पुढची दहा वर्षं तिकडे अशा अखंड बाह्यांची चलती होती. ती उतरण कुठल्या घाटानं कऱ्हाडला पोचली, देव जाणे. पोचेपर्यंत तिकडे ती जुनी झाली असणार. पण फोटोतल्या चौघींकडे पाहताना असं वाटतं की खांदा असावा तर असा. हल्लीचं ब्लाउज खांद्यावर चढवल्यासारखं दिसतं, हे खांद्यातूनच सुरू होतं.

आधी मनात होतं की खणाचं शिवावं. पण अखंड बाहीला कापड रुंद लागतं आणि खणाचा पन्हा पुरेना. मधे जोड दिला तर सगळी मजाच गेली. शेवटी हातमागाचं अबोली रंगाचं सुती कापड आणलं. दुकानदारानं सव्वा मीटर मोजलं, मी घरी येऊन इंचांच्या टेपनं बेतलं. आपल्याकडे कापड मीटरवर विकतात आणि माणूस इंचात मोजतात, मेट्रिक येऊन साठ वर्षं झाली तरी. बासष्ट सेंटिमीटर कंबर कुणी सांगितली तर मला ती बारीक की जाड, कळणार नाही. असो. मांजरपाटावर आधी एक कच्चं शिवून बघावं असा सल्ला मी सगळ्यांना देते. यावेळी दिला नाही, कारण समोर सल्ला घेणारी मीच होते. शिवाय बगलेला दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच कमी केलं. कागदाप्रमाणे शिवलं असतं तर काखेखाली ढगळ दिसलं असतं आणि फोटोतल्यासारखं चापून बसलं नसतं. माझी समजूत अशी की आत्यानं तेव्हा हात राखून शिवलं असेल, पुढेमागे अंग सुटलं तर असावं म्हणून.

आणि त्या गाठोड्यात, कुठल्याच जोडात नसलेला, सुटा असा एक जाड चौकोन होता. पोस्टकार्डातून कापलेला, प्रत्येक बाजू साडेतीन इंच. एका बाजूला तुटका पत्ता, "कऱ्हाड, जि. सा" एवढाच. कडा हाताळून मऊ पडलेल्या, कोपरे गोल झालेले. मला वाटलं दोरा गुंडाळायला ठेवला असेल. मशीनचा एक पाय टाइल्सवर डुगडुगत होता, चौकोन दुमडून खाली सरकवला. फिट्ट बसला. दीड वर्ष तो तिथंच.

मशीनही आत्याचंच. म्हणजे घरातलं, पण चालवायची ती. काळं, सोनेरी वेलबुट्टीचं, पायानं चालवायचं, चामड्याचा पट्टा असलेलं सिंगर. आजोबांनी कुणाकडून तरी वापरलेलं घेतलं होतं. आजोबा पक्के खादीवाले, घरात पिठाची गिरणी नको म्हणणारे, पण या यंत्राला त्यांनी दार उघडलं, कारण खुद्द गांधीजींनी शिवणयंत्राला सूट दिली होती. १९२४ मध्ये 'यंग इंडिया'त ते छापून आलं होतं. फार थोड्या उपयोगी शोधांपैकी हा एक, आणि बायकोचे शिवता शिवता होणारे हाल बघवेनात म्हणून सिंगरनं प्रेमापोटी यंत्र केलं, असं त्यात गांधीजी म्हणतात. आजोबा हे पाहुण्यांना सांगायचे आणि शेजारी बसून आत्या टीप मारत असायची. आयझॅक सिंगरचं चरित्र मी मागाहून वाचलं. गृहस्थाचे एकाच वेळी अनेक संसार चालले होते, मुलं वीसच्या वर, आणि यंत्र त्यानं केलं ते पैशासाठी. प्रेमापोटी असेल तर नेमकं कुणाच्या, हा प्रश्नच आहे. हे आजोबांना सांगायला ते नव्हते. आत्याला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की चष्मा काढून ठेवावा लागला.

तो लग्नानंतरचा रविवार. पोलकं पिशवीत घालून मी तिच्याकडे सांगलीला गेले होते. लेक-सून बाहेर गेली होती. आत्या फुलाफुलांच्या गाऊनमध्ये, टीव्हीचा आवाज बंद करून चित्रं बघत बसली होती. मी पोलकं उलटं करून तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं पहिल्यांदा शिलाई पाहिली नाही, बगलेचा अर्धा इंच पाहिला. "कापलंस?" "फोटोत चापून बसलंय ना, म्हणून." "फोटोत हात खाली आहेत, बाई."

मग तिनं मला उभं केलं. "वलणीवर लुगडं टाक," म्हणाली. मी हवेत हात वर केला. "काठीनं सरक." काठी सरकवली. "आता आडाचं पाणी ओढ. आता शिंक्यावरचं दही काढ. आता वेणी घाल, स्वतःची." मी टी-शर्टवर असल्यामुळे सगळं जमलं. "तुझ्या पोलक्यात यातलं काय जमेल?" काहीच नाही. अखंड बाहीत काखेपाशी कापडाला जायला जागा नसते. हात वर केला की सगळं अंगच वर ओढलं जातं, आणि अंग वर जाईना झालं की शिवण तुटते. म्हणून काखेत चीर देऊन हा चौकोन तिरपा बसवायचा, बंडीला असतो तसा चौबगला. हात खाली असताना तो दुमडून आत दडतो, कुणाला दिसत नाही. हात वर गेला की पाकळीसारखा उघडतो. कुठल्याही फोटोत तो येणं शक्य नाही. "छाती प्रत्येकीची निराळी," आत्या म्हणाली, "चौकोन सगळ्यांना एकच लागायचा. म्हणून पोस्टकार्डाचा केला. पेपरचे फाटायचे."

मी महिनाभर तो फोटो शिवत होते.

जुन्या घाटाचे कपडे करणाऱ्या आम्हा सगळ्यांचं हे होत असावं. समोर असतात ते फोटो, आणि फोटोत माणसं उभी असतात, श्वास धरून, हात खाली. त्यावरून आम्ही ठरवतो की तेव्हा कसं नेटकं होतं. काखेतला चौकोन, बगलेचा ढगळपणा, आतून मारलेलं ठिगळ, घामानं विटलेली पट्टी, यातलं काही त्यात नसतं. शिवाय मला तो चौकोन लागतही नाही, हे जास्त बोचलं. माझे हात दिवसभर टेबलाच्या उंचीवर असतात. कपडे वाळत घालायची दांडी दोरीनं खाली येते. वर्षातून फार तर चार वेळा खांद्याच्या वर हात जातो, त्यातला एक अक्षता टाकायला. अखंड बाहीचं पोलकं चौकोनाशिवाय घालून माझं एरवी काहीच अडलं नसतं. मला कळलंही नसतं.

निघताना मी विचारलं, मशीन सासरी का नाही आणलंस? एवढं सुंदर शिवायचीस. मला उत्तर ठाऊक होतं असं वाटत होतं. आजोबांनी दिलं नसेल, किंवा नेणं परवडलं नसेल.

"मुद्दाम नाही आणलं," ती म्हणाली. "इथं सांगितलं, बटण लावण्यापुरतं येतं. अजून कुणाला माहीत नाही."

मला काही सुचेना. मग ती सावकाश बोलत राहिली. भूकंपानंतर महिनाभर सगळे अंगणात झोपत होते. डिसेंबरची थंडी. आजोबांनी मशीनही अंगणात आणलं, आणि कोयनानगरकडून उघड्यावर आलेल्या बायकांसाठी परकर शिवून देण्याचं कबूल करून आले. कबूल त्यांनी केलं, शिवले हिनं. मांजरपाटाचे ठाण यायचे. दिवस मावळला की कंदील. अधूनमधून पुन्हा हलायचं, डब्यातल्या बॉबिनी आपल्या आपण खडखडायच्या आणि ही पाय थांबवून वाट बघायची, थांबलं की परत टीप. किती परकर शिवले ते तिनं मोजले नाहीत. त्या बायकांना लागत होते, त्याबद्दल तिची तक्रार नव्हती, हे तिनं दोनदा सांगितलं. एरवी गल्लीतली पोलकी असायचीच, एका पोलक्याला बारा आणे, ते आजीच्या डब्यात. "मला शिवण कधी आवडलं नाही गं," ती म्हणाली. "येत होतं."

बसमध्ये मी ते पिशवीतलं पोलकं परत काढलं नाही. लग्नात तिनं इकडेतिकडे का पाहिलं होतं, ते तेव्हा कळलं. आणि हेही आठवलं की एवढ्या गर्दीत, चार रांगा मागून, सनई चालू असताना, तो आवाज फक्त तिला ऐकू गेला होता.

दोन दिवसांनी रात्री जेवणं झाल्यावर मशीन एका हातानं उचलून मी चौकोन बाहेर काढला. दीड वर्षाच्या वजनानं घडी मोडून काळी पडलेली, मधोमध पायाचा गोल वण. इस्त्री फिरवली, सरळ झाला म्हणता येईल इतपत. उरलेल्या तुकड्यावर तो उभ्या-आडव्या दोऱ्याला धरून सरळ ठेवला, म्हणजे तिरपा बसवल्यावर हाताच्या दिशेला कापडाचा उरेब, म्हणजे तिरकी बाजू, येईल आणि जरा ताणेल. भोवती माया सोडून कापला. बगलेची शिवण उसवली, मी चोरलेला अर्धा इंच जेवढा मायेत शिल्लक होता तेवढा परत दिला. मग काखेत चीर. कात्री लावताना छाती धडधडत होती, कारण शिवलेल्या कपड्यात चीर द्यायची म्हणजे शेवटचा दोरा येईपर्यंत जायचं आणि त्याच्या पुढे एक दोरासुद्धा जायचं नाही.

आत्याला व्हिडिओ कॉल लावला होता. तिनं सुनेला चहा करायला पाठवलं असावं, कारण आवाज कुजबुजता. "कोपऱ्यापर्यंत ये. सुई खाली ठेव. खालीच. आता पाय उचल, कापड फिरव, पाय टाक." पहिला कोपरा चुन्या पडून वाया गेला, उसवला. दुसरा बरा आला. तिसऱ्याला ती म्हणाली, "हं." चौथ्यापाशी चिरेच्या टोकाला दोन दोरे सुटून आले, त्यावर तिनं हातानं काजटाका घालायला लावला आणि फोन जवळ धरून दाखव म्हणाली. दाखवला. बराच वेळ बघत होती.

"डावी बाजू उद्या कर," म्हणाली. "आता डोळे जातील."

मी उद्यावर टाकलं नाही. तिला सांगितलं नाही. डावी काख त्याच रात्री करायला घेतली, पोस्टकार्ड शेजारी, टाचण्या तोंडात. पण आता पायाखाली काहीच नव्हतं. प्रत्येक टिपेला मशीन डुगडुगत होतं, आणि डब्यातल्या बॉबिनी खडखडत होत्या.